परत घेतलेलं पाणी

घाटाच्या पायथ्याला एक गाव होतं आणि त्या गावात एकच जीप होती. जीप केरबाची. सकाळी ती गावची माणसं घेऊन वर पठारावर जायची, दुपारी पठाराची माणसं घेऊन खाली यायची. धुक्याच्या दिवसांत ती दिसायची नाही, नुसती ऐकू यायची. आधी घुरघुर, मग दोन पिवळे दिवे, मग धुक्यातून हळूच पुढं येणारं तिचं नाक. गावातली पोरं म्हणायची, केरबाची जीप ढगात राहते, इथं फक्त माणसं सोडायला येते.

केरबा मनाचा चांगला. अडल्यानडल्याला फुकट न्यायचा, म्हाताऱ्या माणसांना पुढच्या सीटवर बसवायचा. पण तापट! तापट म्हणजे किती? कुणी गाडीचं दार जरा जोरात लावलं की ह्याच्या तळपायाची आग मस्तकात गेलीच म्हणून समजा. मग तोंडाला येईल ते बोलायचा. समोरचा लहान की मोठा, काही म्हणून बघायचा नाही. आणि अर्ध्या तासानं स्वारी शीळ घालत गाडी पुसायला मोकळी! वर सांगायचा कसा, "आपल्या पोटात काही राहत न्हाई बघा. बोललो, संपलं." ज्याला बोलला तो बिचारा दोन दिवस धड जेवत नसे, ते ह्याच्या गावीही नसायचं.

आता थोडं जीपचं ऐका. कंटाळू नका, पुढं कामाला येणार आहे.

गाडीच्या इंजिनात आग असते. ती आग अंगावर घेत पाणी इंजिनाभोवती फिरतं. तापलं की ते पुढं रेडिएटरमध्ये येतं. तिथं बारीक बारीक नळ्यांची जाळी असते, तिच्यातून वारा वाहतो, पाणी निवतं आणि पुन्हा आत जातं. दिवसभर त्याचं हेच चाललेलं असतं, आत जाऊन तापायचं आणि बाहेर येऊन निवायचं. त्या रेडिएटरच्या मानेपासून एक बारकीशी नळी निघते आणि शेजारच्या पांढऱ्या बाटलीत उतरते. केरबाच्या जीपची ती बाटली एकदा दगड उडून फुटली.

"नवी बसवून घे," मिस्त्री म्हणाला.

"कशाला? ती काय काम करती? नुसती बाजूला बसून तर असती," केरबा म्हणाला, आणि नळी तशीच लोंबती सोडून गाडी घेऊन गेला.

तेव्हापासून घाट चढताना जीप पाणी गाळायची. अर्ध्या घाटात एक झरा होता. केरबा तिथं थांबायचा, गाडी निवू द्यायचा, कॅन भरून पाणी ओतायचा. उतारू उतरायचे, तोंडावर पाणी मारायचे, गार वाऱ्याला बसायचे. सगळ्यांनाच ती सवय झाली. रोज पाणी सांडतं कुठं आणि रोज भरावं का लागतं, हे ना उतारूंनी विचारलं ना केरबानं.

असं चाललं असताना केरबाला मुलगी झाली.

त्याच्या बायकोला, शेवंताला, माहेर नव्हतं. तेव्हा बाळंतपण घरीच. पण काळजी कसली? पठारावरून हौसाक्का आली ना! हौसाक्का म्हणजे केरबाची थोरली बहीण, एकुलती एक. आई गेली तेव्हा केरबा पाळण्यात होता आणि हौसाक्का स्वतः परकरात. तिनंच त्याला कडेवर घेऊन वाढवला. आता त्याच्या लेकीसाठीही तीच राबली. बाळाला तेल लावून न्हाऊ घालणं, शेवंताला शेक देणं, डिंकाचे लाडू, सगळं तिनं केलं. बाळ तिच्या मांडीवर असलं की रडायचं थांबून तिच्या तोंडाकडं टकमक बघत राहायचं.

बारशाच्या आदल्या दिवशी केरबानं तुळईला पाळणा बांधला आणि तो गाडी घेऊन गेला. त्या दिवशी सगळंच वाईट गेलं. घाटात म्हैस आडवी आली, उतारूंनी जागेवरून भांडण काढलं, जीप दोनदा तापली. केरबा परत आला तो धुमसतच. बघतो तर पाळणा खाली काढून ठेवलेला. शेजारच्या चार बाया घुगऱ्यांसाठी गहू-हरभरे निवडत बसलेल्या, आणि हौसाक्का पाळण्याचा दोर हातात धरून उभी.

"केरू, हा दोर कुजलाय रं," ती म्हणाली. "नवा आण. लेकरू निजायचं हाय त्यात."

बस. एवढंच. पण केरबाचा पारा चढला.

"सगळ्यात तुझं नाक हवंच का?" तो ओरडला. "हे घर माझं हाय. तू लगीन होऊन गेलीस तवाच तुझा ह्या घराशी संबंध संपला. परक्या घरची तू. पाहुणीसारखी ये, जेव आणि जा!"

बायांचे हात सुपातच थांबले. आत शेवंता बाळाला थोपटत होती, तिचाही हात थांबला. हौसाक्कानं दोराची नीट गुंडाळी केली, ती पाळण्यात ठेवली, आपली पिशवी उचलली आणि सरळ एस.टी.च्या थांब्याकडं चालू लागली.

अर्ध्या तासानं केरबा नवा दोर घेऊन आला. राग पार उतरला होता. पाळणा बांधताना तो शीळसुद्धा घालत होता. "आक्का कुठं गेली?" म्हणाला. "बरं, येईल. जाईल कुठं?"

हौसाक्का आली नाही. सकाळच्या एस.टी.च्या कंडक्टरकडून तिचा निरोप आला, "माझी वाट बघू नका. नाव कुणाकडूनबी ठेवून घ्या."

आता बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचं कुणी? आत्यानं. आत्या पाळण्यात वाकते, बाळाच्या कानाशी तोंड नेते, कुर्र करते आणि नाव सांगते, आणि बाकीच्या बाया हसत हसत तिच्या पाठीत धपाटे घालतात. हे असंच चालत आलंय. दारावर आंब्याची पानं लावून झाली, घुगऱ्या शिजल्या, पाळण्याला फुलं बांधली. आणि आत्याच नाही.

शेजारची एक म्हातारी म्हणाली, "मी सांगते की कानात. मी काय परकी हाय?"

परकी हा शब्द ऐकला आणि शेवंताच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ती नवऱ्याला म्हणाली, "वन्संनी माझ्या लेकराला पहिल्या दिवसापासून अंगाखांद्यावर घेतलं. त्या आल्या तर नाव ठेवू. न्हाई आल्या तर माझी पोर बिननावाची राहील. दुसऱ्या कुणाच्या तोंडून मी नाव घेऊ देणार न्हाई. तुमी काय ते बघा."

शेवंता सहसा बोलायची नाही. बोलली की बदलायची नाही. केरबानं मुकाट्यानं जीप काढली. दिवस मावळायच्या आत आक्काला घेऊन यायचं होतं.

पण रस्त्यात त्याच्या मनात काय चाललं होतं बघा. "एवढं काय मनाला लावून घ्यायचं? रागात माणूस बोलतं. मी तर विसरलोसुद्धा! आक्काला म्हणावं, उगाच मानपान करू नकोस, चल गपगुमान." म्हणजे माफी मागायला निघालेला माणूस अर्ध्या वाटेत पुन्हा तापला होता! त्याच तावात त्यानं झरा मागं टाकला. थांबलाच नाही.

घाट धुक्यानं भरला होता. झाडं नव्हती, दरी नव्हती, रस्तासुद्धा पुढ्यातला तेवढाच. जणू जीप एका जागी उभी होती आणि रस्ताच तिच्या चाकांखालून मागं सरकत होता. आणि एका वळणावर इंजिनाची गरमी दाखवणारा काटा लालवर गेला. बोनेटमधून वाफ आली, ती धुक्यात मिसळली, आणि मग वाफ कुठली आणि धुकं कुठलं ते कळेना.

केरबानं गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, बोनेट उघडलं. घाई होती. त्यानं फडकं घेतलं आणि रेडिएटरचं झाकण, गाडीवाले ज्याला कॅप म्हणतात ती, पिळायला हात घातला. फस्स! गरम वाफेचा फटकारा मनगटाला चाटून गेला. तो ओरडून मागं सरला आणि कठड्यावर जाऊन बसला.

आता नुसतं बसून राहण्यावाचून इलाज नव्हता. तापलेलं लोखंड टिक टिक करत होतं. धुकं इकडून तिकडं हळू हळू जात होतं. कुठंतरी खाली गुरांच्या घंटा वाजत होत्या, पण इतक्या लांब की कुणाच्या तरी आठवणीत वाजत असाव्यात असं वाटावं. केरबाचे डोळे जड झाले. त्याला झोप लागली की तो जागाच होता, ते त्याला पुढं कधीच सांगता आलं नाही.

"बरं झालं हात काढलास," कुणीतरी म्हणालं.

आवाज बोनेटखालून आला. नीट कान दिल्यावर कळलं, कॅप बोलत होती.

"मला घाई हाय," केरबा म्हणाला. गाडीशी आपण बोलतोय ह्याचं त्याला काहीच नवल वाटलं नाही.

"असू दे. तापलेलं असताना झाकण उघडलं की उकळतं पाणी तोंडावर येतं. आत काय झालंय ते निवल्यावर विचारावं."

"पण झालंय काय? पाणी तर मी रोज भरतो."

"रोज भरतोस आणि रोज मी सांडतो," दुसरा आवाज आला. हा दमलेला, कोरड्या घशाचा. तो रेडिएटरचा होता.

"सांडतोस का?"

ह्यावर कॅपच बोलली. "पाणी तापलं की फुगतं. थोडं फुगलं तर मी दाबून धरते. धरायलाच हवं, त्यानं ते लवकर उकळत नाही. पण फारच झालं की मलाही धरवत नाही. माझी स्प्रिंग उचलते आणि जास्तीचं पाणी मी नळीतून बाहेर जाऊ देते. त्यात काही चूक नाही बाबा. नाही जाऊ दिलं तर रेडिएटरच फुटेल."

"मंग झालं तर! तापलं, बाहेर पडलं, संपलं. माझंबी असंच असतं," केरबा म्हणाला.

"संपलं कुठं? ही तर अर्धी गोष्ट," कॅप म्हणाली. "बाहेर सोडायला मोठी झडप आहे, तशी आत घ्यायला एक लहानशी झडप माझ्या पोटात आहे. पाणी निवलं की आकसतं. आत जागा रिकामी पडते. त्या रिकाम्या जागेला ओढ लागते. मग ती लहान झडप उघडते, आणि जे बाहेर गेलं होतं तेच पाणी नळीतून पुन्हा आत येतं. बाहेर पडणं तापल्याचं काम. परत घेणं निवल्याचं काम."

"परत कुठून येतं?"

"बाटलीतून. जी नुसती बाजूला बसून असते असं तू म्हणालास, तिच्यातून. ती नुसती बसून नव्हती रे. आमचं सांडलेलं पोटात धरून बसलेली असायची. आम्ही निवायची वाट बघत."

केरबानं लोंबणाऱ्या नळीकडं बघितलं.

"आता बाटली नाही," रेडिएटर म्हणाला. "निवलो की मला ओढ लागते, पण नळीच्या टोकाशी पाणीच नसतं. मग मी वारा ओढतो. रोज थोडं पाणी जातं, रोज थोडा वारा येतो. वाऱ्यानं आग कशी निवायची, केरबा?"

"आणि बाटली असून तुम्ही परतच घेतलं न्हाई तर?" केरबानं विचारलं. त्याचा आवाज एकदम बारीक झाला होता.

"तर तिची काय चूक?" कॅप म्हणाली. "रोज भरत जाईल बिचारी. एक दिवस तीही काठोकाठ होईल आणि उतू जाईल."

केरबाला हौसाक्का दिसली. लहानपणी पाटी फोडून तिलाच बोलला होता. तिच्या लग्नात पंगतीवरून रुसून तिलाच बोलला होता. काल दोरावरून बोलला. दर वेळी ती गप्प राहिली आणि दर वेळी हा शीळ घालत निघून गेला. एकदाही मागं वळून त्यानं आपलं काही परत घेतलं नव्हतं. मोकळा झालो म्हणायचा. मोकळा कसला, एकेक माणूस गमावून आतून रिकामा होत चालला होता. धुक्यात, एकट्यानं, कठड्यावर बसून केरबा लहान पोरासारखा रडला.

डोळे पुसून बघतो तर टिक टिक थांबली होती. गाडी निवली होती. बोनेटखाली सगळं मुकाट होतं.

तो कॅन घेऊन उतरणीनं झऱ्यावर गेला, पाणी घेऊन आला. मग झाकणाला हात लावून खात्री केली, ते सावकाश उघडलं आणि रेडिएटर गळ्यापर्यंत भरला. सीटखाली प्यायच्या पाण्याची एक प्लास्टिकची बाटली होती. ती त्यानं तारेनं रेडिएटरशेजारी बांधली, अर्धी भरली आणि लोंबणाऱ्या नळीचं टोक तिच्या तळापर्यंत बुडवलं. बाटली काही फार देखणी बसली नव्हती, पण घाट संपेपर्यंत काटा मधल्या खुणेवरून हलला नाही.

पठारावर ऊन होतं. हौसाक्का अंगणात शेंगा फोडत बसली होती. केरबाला बघून तिचे हात आणखी जोरात चालू लागले. दाजी ओट्यावरून "या" म्हणाले आणि शहाणपणानं आत निघून गेले.

"कशाला आलास?" हौसाक्का म्हणाली. "परक्याच्या दारात काय काम हाय तुझं?"

कालचा केरबा असता तर तिथंच भडकला असता. आजचा केरबा पायरीवर बसला.

आणि मग हौसाक्का बोलू लागली. अगं बाई, काय बोलली ती! पाटीपासून दोरापर्यंत सगळं बाहेर आलं. इतकी वर्षं गप्प राहिलेलं माणूस बोलायला लागलं की ते ऐकवत नाही. केरबानं मान खाली घातली. मध्ये एक शब्द बोलला नाही. तिला गप्प कर, समजूत घाल, काही नाही. नुसता बसून राहिला. शेवटी तिचे शब्द संपले आणि ती पदरानं तोंड पुसू लागली. त्यानं आणखी थोडा वेळ जाऊ दिला.

मग म्हणाला, "आक्का, माझं परत न्यायला आलोय."

"काय तुझं ऱ्हायलंय इथं?"

"मी बोललो ते. ते तुझं न्हाई, माझं हाय. तुझ्यापाशी उगाच पडून ऱ्हायलंय." बोलणं सोपं होतं, परत घेणं किती जड जातं ते त्याला आत्ता कळत होतं. "'तुझा संबंध संपला' म्हणालो, ते परत घेतो. 'परक्या घरची' म्हणालो, ते परत घेतो. आणि मागचं जे जे आठवंल ते समदं."

हौसाक्कानं शेंगा बाजूला सारल्या.

"चार बायांच्या देखत बोललास," ती म्हणाली. "आणि परत घेतोस हितं, दोघांत? घ्यायचं असंल तर तिथं घे."

बारशाला सगळ्या बाया जमणार. बायांच्या घोळक्यात उभं राहून, गावात ज्याच्या आवाजाला सगळे टरकतात त्या केरबानं असं बोलायचं? उद्या जीपमधले उतारू तोंड लपवून हसतील. त्याला वाटलं, आक्काला म्हणावं, एवढं तेवढं सोड की. पण त्याच्या लक्षात आलं, की आक्का बरोबर बोलत होती.

"घेतो," तो म्हणाला. "तिथंच घेतो. चल."

दिवस मावळायला थोडाच वेळ होता. ओसरी बायांनी भरली होती. पाळण्यात बाळ हात-पाय झाडत होतं. शेवंता दाराकडं डोळे लावून बसली होती. हौसाक्काला बघून तिच्या तोंडून नुसता हुंदका आला. हौसाक्का मात्र उंबऱ्याबाहेरच थांबली. पाऊल आत टाकेना.

केरबा एकटा आत आला. बायांच्या मधोमध उभा राहिला. त्यानं दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. एक तरणी पोर फिदीफिदी हसली, तिला कुणीतरी कोपर मारलं.

"काल," केरबा म्हणाला, "तुमच्या देखत मी माझ्या आक्काला परकी म्हणालो. तिचा ह्या घराशी संबंध संपला म्हणालो. ते खोटं होतं. तिच्यावाचून हे घर उभंच ऱ्हायलं नसतं. मी माझा शब्द न् शब्द परत घेतो."

ओसरीत कुणी हललं नाही. नुसता पाळणा जरासा हलत होता.

"घेतलास?" उंबऱ्याबाहेरून आवाज आला.

"घेतला."

"समदा?"

"समदा, आक्का."

"मंग सरक बाजूला," हौसाक्का म्हणाली आणि तिनं उंबरा ओलांडला. "माझ्या भाचीचं नाव ठेवायचं हाय. कवाची वाट बघतीया ती."

आणि ती पाळण्यात वाकली.

तात्पर्य एवढंच: तापल्यावर तोंडून गेलं त्याला इलाज नसेल, पण निवल्यावर ते आपण होऊन परत घ्यावं, आणि जिथं सांडलं तिथंच जाऊन घ्यावं.